परिक्रमेला गेलेल्या माणसाला फोन कराच, पण पत्रही टाका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हा आमच्या प्रत्येक ग्रुपवर लोक हळहळत होते, लाल पेटीचे फोटो, पोस्टमन काकांच्या आठवणी, जुनी तिकिटं, सगळं फिरत होतं. ते वाचून मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण त्याचबरोबर असंही वाटलं की साधं पत्र अजून चालू आहे, पोस्टकार्ड अजून 50 पैशाला आहे, आंतरदेशीय अडीच रुपयाला आहे, आणि ते कुणाला टाकावं असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहे. तो माणूस म्हणजे नर्मदा परिक्रमेला चालत गेलेला माणूस. कोल्हापुरातनं दरवर्षी कितीतरी लोक जातात, कार्तिकी एकादशी झाली की निघतात, आणि घरचे लोक फोनवर अवलंबून राहतात. म्हणून हे पत्र.

मी स्वतः पायी परिक्रमा केलेली आहे, ओंकारेश्वरहून उचलली आणि तिथंच पूर्ण केली. नर्मदा 1312 किलोमीटर, दोन्ही तट धरले तर 2600 च्या वर चालणं होतं. शास्त्राप्रमाणं करणारे 3 वर्षं 3 महिने 13 दिवस घेतात, बाकी आमच्यासारखे चार-पाच महिन्यांत करतात. एवढा काळ घराबाहेर राहिलेल्या माणसाला काय हवं असतं ते गेल्याशिवाय कळत नाही. जेवण मिळतं हो, मैयाच्या म्हणजे नर्मदेच्या किनाऱ्यावर कुणी उपाशी झोपत नाही, आश्रमात गेलं की 'कितने मूर्ती हैं', म्हणजे किती माणसं आहात, असं विचारतात आणि सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा नाहीतर तयार प्रसाद समोर येतो. पायाचे फोडही बसतात हळूहळू. पण संध्याकाळी आसन लावलं की घर आठवतं, आणि त्यावर फोन हा उपाय नाही असं माझं स्पष्ट मत झालंय.

का ते सांगते. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलात, बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते. जिथं रेंज असते तिथं आश्रमात एका बोर्डाला वीस मोबाईल लावलेले असतात, आणि आपला नंबर लागून फोन चालू झाला की पाठोपाठ सगळं एकदम येऊन आदळतं, गॅस संपला, पोराला ताप आहे, पाणीपट्टीचा कागद कुठं ठेवलायस. सातशे किलोमीटरवर बसून बाई काय करणार? रात्रभर झोप नाही आणि सकाळी परत वीस-पंचवीस किलोमीटर चालायचं. पत्रात पोराचा ताप येतो तोच मुळी उतरल्यावर येतो. लिहिणारा बसून लिहितो, चार गोष्टी गाळतो, दोन आठवून घालतो. आणि वाचणारा घाटावर अंघोळ-पूजा आटपून, पाय पाण्यात सोडून, त्याच्या सवडीनं वाचतो, पाहिजे तर दहा वेळा वाचतो.

आमच्या घरी हे सुरू झालं ते सासूबाईंमुळं. त्यांना ऐकायला अगदी कमी येतं, फोन म्हणजे नुसता आरडाओरडा. शाळा चौथीपर्यंत, पण हाताला लिहायची सवय. मी निघताना त्यांनी माझ्या मोठ्या मुलाकडनं मुक्कामाची गावं लिहून घेतली आणि म्हणाल्या, तू चाल, मी कार्ड टाकतो. (आमच्याकडं बाया असंच बोलतात, बाहेरच्या लोकांना नवल वाटतं.) भरूचला पोस्टात मला त्यांची कार्डं एकदम मिळाली. वर 'श्री', मग 'चि. सौ. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद', आणि लगेच, 'आपल्या ऊसाला तोड आली, टोळी फडात हाय, वाडं भरपूर पडलंय, म्हशीची काळजी न्हाई.' (वाडं म्हणजे ऊसाचे हिरवे शेंडे, म्हशीचा चारा.) दुसऱ्या कार्डात म्हैस व्यालेली, रेडी झाली, चिकाचा खरवस शेजारी पाजारी वाटला. जागा संपली म्हणून शेवटची ओळ कडेनं उभी लिहिलेली, 'गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीवर माजं डोस्कं टेकीव.'

टेंबेस्वामींनी, म्हणजे दत्तसंप्रदायातल्या वासुदेवानंद सरस्वतींनी, 1914 साली देह ठेवला ते नर्मदाकाठचं गरुडेश्वर, आणि त्यांचं आपल्या नरसोबाच्या वाडीशी काय नातं आहे ते कोल्हापूरकरांना मी काय सांगायचं. सासूबाई पौर्णिमेला वाडी चुकवत नाहीत पण गरुडेश्वर त्यांना आता या जन्मी होणार नाही हे त्यांना माहीत आहे. त्या एका ओळीमुळं भरूचपासून गरुडेश्वरपर्यंतचं माझं चालणंच बदललं, मी कुणाचं तरी काम घेऊन चालले होते. समाधीवर दोनदा डोकं टेकवलं, एक माझं एक त्यांचं. हे फोनवर सांगितलं असतं तर 'बरं बरं, टेकवते' म्हणून मी विसरूनही गेले असते.

अजून एक बघितलं. पोस्टकार्ड उघडं असतं त्यामुळं ते एकट्याचं राहतच नाही. भरूचला कार्डं मिळाली त्या रात्री आश्रमात आमच्याबरोबर विदर्भातल्या दोन मावश्या होत्या, त्यांनी कार्डं मोठ्यानं वाचायला लावली, रेडीचं ऐकून खूष झाल्या, खरवस आमच्याकडं असा करतात तसा करतात म्हणून तासभर गप्पा. त्यातली एक शेवटी म्हणाली, माझे दोन लेक आहेत, दोघंही रोज फोन करतात, पण असं हातात धरायला काही नाही जी. त्या मावशींचा चेहरा डोळ्यासमोर आहे म्हणूनच हे एवढं लिहायला बसले.

काही लोक म्हणतात परिक्रमा म्हणजे घर सोडणं, मग पत्राची ओढ कशाला, वैराग्य राहत नाही. एका आश्रमात एका महाराजांनी मला तोंडावर हेच ऐकवलं. त्यांचा मान ठेवून सांगते, संन्याशाचं वेगळं आणि संसारी माणसाचं वेगळं. आपण घरच्यांच्या जिवावर निघतो, कुणीतरी मागं धारा काढतंय, स्वयंपाक करतंय, म्हातारं माणूस बघतंय म्हणून आपण 'नर्मदे हर' म्हणत चालू शकतो. त्यांची खुशाली वाचून पाय मागं ओढले गेले असं मला एकदाही झालं नाही, उलट दुसऱ्या दिवशी पाय हलके पडले.

आता कसं करायचं ते. पोस्टाची पोस्ट रेस्टांट म्हणून सोय आहे, ब्रिटिशांच्या काळापासूनची, प्रवासी लोकांसाठीच आहे. पत्त्यात परिक्रमावासीचं पूर्ण नाव, आधार कार्डावर आहे तसंच, खाली 'पोस्ट रेस्टांट', मग पोस्ट ऑफिसचं नाव, जिल्हा आणि पिनकोड एवढंच लिहायचं. पत्र त्या पोस्टात ठेवून घेतात, आपण ओळखपत्र दाखवून न्यायचं. कायम ठेवत नाहीत, ठरलेले दिवस झाले की परत पाठवतात, म्हणून चालण्याचा अंदाज घेऊन टाकावं लागतं. लहान गावाच्या शाखा पोस्टापेक्षा मोठं पोस्ट धरावं. बडवाणी, भरूच, महेश्वर, जबलपूर, नर्मदापुरम (जुनं होशंगाबाद) अशी गावं धरली तर साधारण सगळ्या वाटेवर पत्रं मिळतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तट बघा! परिक्रमेत मैया ओलांडता येत नाही, फक्त समुद्राजवळ नावेनं पलीकडं जातात आणि अमरकंटकला उगमाला वळसा घालतात. गूगल मॅपवर नेमावर आणि हंडिया समोरासमोर दिसतात, मधे पूल आहे, पण नेमावर उत्तर तटाला आणि हंडिया दक्षिण तटाला. आमच्या सोबतच्या एका काकांना त्यांच्या मुलीनं हंडियाच्या पत्त्यावर पत्र टाकलं आणि काका तेव्हा नेमावरला. पत्र समोर दिसणाऱ्या गावात, आणि जाता येत नाही. अमरकंटकहून फिरून हंडियाला पोचेपर्यंत ते परत घरी गेलेलं होतं. मुलगी बिचारी फोनवर रडली.

एका गावात तर पोस्टातल्या पोराला ही सोयच माहीत नव्हती, असलं काही नसतं म्हणाला, मी हट्टानं मोठ्या साहेबांना बोलवायला लावलं तेव्हा कपाटातनं पत्र निघालं. त्या पोराला मी दोष देत नाही, वर्षानुवर्षं कुणी मागायलाच आलं नाही तर त्याला कळणार कुठनं. पण परिक्रमेच्या वाटेवरच्या मोठ्या पोस्टांत या सोयीची एक पाटी लागावी आणि नवीन लोकांना ती शिकवावी एवढी मागणी पोस्टखात्याकडं तुमच्या पेपरमार्फत पोचली तर फार बरं होईल. आणि इथं कोल्हापुरात पोस्टकार्डं मिळायला हवीत. मागच्या महिन्यात मी मागायला गेले तर शिल्लक नाहीत म्हणून सांगितलं, चार दिवसांनी या.

यंदा कार्तिकीनंतर आमच्या बावड्यातनं काही मंडळी निघतायत. त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन गावं, तट आणि अंदाजे तारखा लिहून देणार आहे. दुसऱ्या कुणाला यादी पाहिजे असेल तर तुमच्या ऑफिसात एक प्रत ठेवायला देते, चालत असेल तर कळवा.

आपली नम्र,
एक परिक्रमावासी
कसबा बावडा, कोल्हापूर