ऐंशी टक्के, पण कशाचे?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला विशेष मुलांच्या मूल्यमापनावरचा लेख वाचला. शाळेतल्या सगळ्या मुलांनी ठरवून दिलेली उद्दिष्टे ८० टक्के गाठली म्हणे. लेखिका खूश, मुख्याध्यापिका खूश, आपणही ते वाक्य चौकटीत ठळक छापून मोकळे झालात. सगळ्यांनाच सगळं जमलं, तर उद्दिष्टं कोणत्या बेताने ठरवली होती हे विचारायचं राहूनच गेलं.

माझ्या मुलाला वर्षभरात काय शिकवायचं, याच्या शाळेच्या आराखड्यात दरवर्षी एक ओळ असते : 'सूचनांचे पालन करेल, ८० टक्के.' कोणाच्या सूचना, केवढ्या लांबीच्या, हात धरून की नुसत्या तोंडी, वर्गात की घरी, काही पत्ता नाही. आज त्याला कितपत जमतं, तेही नाही. ही ओळ आली कुठून ते सांगते.

बुद्धिमापनाच्या चाचणीत त्याच्यापुढे सेगुइन फॉर्म बोर्ड ठेवला. दहा लाकडी आकार, ज्याच्या त्याच्या खाचेत बसवायचे आणि तेही झटपट. चिरंजीवांनी चांदणी बसवली, गोल बसवला, आणि मग लक्ष गेलं चाचणी घेणाऱ्या बाईंच्या हातातल्या स्टॉपवॉचकडे. ते ओढून घेतलं. एक बटण दाबून चालू केलं, थांबवलं, दुसरं दाबून काटा शून्यावर आणला, पुन्हा चालू. कोणी शिकवलं नव्हतं, बाई काय करताहेत ते बघून घेतलं होतं. मला कोण आनंद झाला! बाईंनी घड्याळ काढून घेतलं आणि लिहिलं, 'लक्ष विचलित होते. सूचनांचे पालन करत नाही.' बोर्डाला लागलेल्या सेकंदांवरून मानसिक वय, म्हणजे त्याची समज किती वर्षांच्या मुलाएवढी, ते निघालं आणि शेऱ्यावरून उद्दिष्ट. मुलगा बघून शिकतो, दोन-तीन क्रिया क्रमाने करतो, याचा अहवालात उल्लेखही नाही. पुढच्या वर्षाची आखणी खरं तर त्यावरच करायची होती.

ज्यांच्या नावाने हा बोर्ड ओळखला जातो ते सेगुइन एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर. अशा मुलांना शिकवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांच्या साधनाला घड्याळ लावलं ते नंतरच्या मंडळींनी. बिने आणि सिमाँ या फ्रेंच संशोधकांची १९०५ ची बुद्धिमापन चाचणीसुद्धा कोणाला जादा मदत लागेल हे शोधायलाच होती.

चाचण्या घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण मूल घरात काय करतं हे आईला विचारा, वर्गात बसून बघा. आणि त्या ८० टक्क्यांचा मोह आवरा. 'शौचाला लागल्याचे सांगेल, ८० टक्के' हे उद्दिष्ट कागदावर झकास दिसतं. उरलेले २० टक्के कोण धुतं, ते लेखिकाबाईंनी येऊन बघावं. किरेसुक आणि शर्मन या अमेरिकी संशोधकांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्य केंद्रांसाठी एक पद्धत सुचवली होती, ती विशेष शिक्षणातही वापरतात. प्रत्येक उद्दिष्टाच्या उणे दोन ते अधिक दोन अशा पाच पायऱ्या आधीच शब्दांत लिहून ठेवायच्या. मग हात धरून करणारं मूल नुसत्या खुणेवर करू लागलं, तर तेवढी प्रगतीही नोंदली जाते. आमच्याकडे मात्र 'साध्य' किंवा 'असाध्य', मध्ये काही नाहीच. विशेष मुलांच्या शिक्षणात नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी हवी, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. आपल्या लेखाला एवढा प्रश्नही पडला नाही.

आणि हो, ते छायाचित्र. रंगाने माखलेले दोन तळवे, मागच्या लेखालाही हेच होतं. आमची मुलं वर्षभर हात रंगवत बसतात अशी आपल्या कार्यालयाची समजूत आहे का? पुढच्या वेळी शिकत असलेल्या मुलाचा फोटो काढा, आणि आधी पालकांची परवानगी घ्या.

– एक पालक