तांबडीचं सांगायचं राहिलं होतं

घणसोली गावठाण,
आषाढ, मंगळवार रात्र

प्रिय बंड्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहितोय ते कोंबड्यांबद्दल. हस. तब्येत ठीक. साखर आहे तशीच, गुडघा पावसात बोलतो. बस.

मागच्या दारी खुराडं घातलंय, नानांचं डालगं असायचं तिथंच. सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या हिशेबात कोंबड्यांना एक फूट आला नव्हता, तो मी आता काढून दिला. चिऊला कोंबडी मांडीवर घ्यायची होती आणि हिला घरची अंडी हवी होती. दोन्ही एकीतच सापडावं म्हणून मी तीन महिने डोकं खाजवलं. तू म्हणणार, गावठी घे. चाळीस वर्षं तुझं हेच पालुपद. अरे, गावठी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. वर्षाला साठ-सत्तर झाली तरी डोक्यावरून पाणी. पिल्लं मात्र तिनंच सांभाळावीत, ते मान्य. पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते, पण भित्री. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर. असीलबद्दल तुला काय सांगू, तुझ्या पोटरीवर खूण असेल अजून. कडकनाथला २०१८ मध्ये झाबुआच्या नावानं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून जो तो कडकनाथ मागतो. पण अंडी शंभरेक, आणि माणूस दिसला की पळ काढणार.

शेवटी चार तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या, आणल्या. दोन ग्रामप्रिया, हैदराबादच्या सरकारी संशोधन केंद्रातली जात, अंडी दोनशेच्या आसपास. (तिथलीच वनराजा अंगानं जास्त भरते, अंडी कमी.) एक आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड. आणि एक काळी ऑस्ट्रॉलॉर्प, उन्हात पिसं हिरवी चमकतात, स्वभावानं गाय. ऑस्ट्रेलियात १९२२-२३ साली या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घातली होती. मी हिला कौतुकानं सांगितलं तर म्हणते, त्यांच्या घरात कोंबडा नसेल. खोटं नाही म्हणा. अंड्याला कोंबडा लागतच नाही, पिल्लाला लागतो.

आरआयआर पहिली सुरू झाली. तपकिरी अंडं बघून शेजारीण म्हणाली, अय्या, गावठी! मी गप्प. बाजारात याच रंगावर दुप्पट पैसे घेतात. रंग जातीचा असतो, ताकदीचा नाही, हे तुला पटवता पटवता आपण एकदा ठाणे स्टेशन ते कळवा चालत गेलो होतो.

तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घालतो, कवच चांगलं टणक होतं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस दिली. अडचण उजेडाची. दोन्ही अंगांना चार-चार मजले उठलेत, ऊन दुपारी दोन तास. अंड्यावरच्या कोंबडीला चौदा-सोळा तास उजेड लागतो, म्हणून पहाटे दिवा लावतो. बिलावरून रोज ऐकून घेतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा रविवारी व्याही आखाडाला आले. ही म्हणाली, काळी दोघींचं खाते आणि अजून एक अंडं नाही, तीच घ्या. चिऊ आत्याकडे होती. मी गेलो. बाकीच्या तिघी फडफडत कोपऱ्यात. काळी चालत आली. पाठीवर हात ठेवला, तशी पंख जरा पसरून माझ्या पायाशी खाली बसली.

बंड्या, तुझी तांबडी मुंगसानं नेली नव्हती.

तुम्ही सगळे मामाच्या लग्नाला मुरबाडला गेला होतात आणि ती आमच्या डालग्यात ठेवली होतीस. रात्री पाहुणे आले. नाना म्हणाले, एक आण. आमच्या कोंबड्या हाताला लागेनात. तांबडी अशीच आली, अशीच बसली. मी उचलली आणि दिली. पोटात अंड्यांची माळ निघाली, मोहरीएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत, आणि शेवटचं कवचासकट. आईनं ते वाटीत वेगळं ठेवलं. कुणी खाल्लं नाही. बाकीचं सगळ्यांनी खाल्लं, मीही. मग तू सबंध श्रावण सापळ्याला सुका बोंबील लावून बसायचास, आणि मी तुझ्या शेजारी बसायचो. वर मोत्याला दगड मारलेस ते वेगळेच. त्यालाही मी अडवलं नाही.

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की ती माझ्यावर विसंबून बसली. आता कळलं, तसं काही नसतं. तलंग वयात आली की पाठीवर दाब पडताच तशी बसते, कोंबडाच आला असं समजून. आठवड्या-दोन आठवड्यांत अंडं धरणार, याची ती खूण. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. उलट तेव्हापासून झोप नाही.

काळीला सोडली. हिला म्हटलं, निसटली. ही म्हणाली, ती? ती तर पायात येते. मग नाक्यावरून ब्रॉयलर आणला. व्याह्यांनी गावठी समजून बोटं चाटली. काळीचं पहिलं अंडं आज सकाळी आलं, बारीक, फिक्या बदामी रंगाचं. चिऊनं कापसात ठेवलंय.

तुझ्या धाकटीला मुलगी झाल्याचं वहिनींकडून हिला कळलं. छान. पेढे येऊ देत. स्लॅबची गळती थांबली का? आणि ते गोळ्यांचं, डॉक्टरला न विचारता बंद करू नकोस.

आता एक काम. अजून दोन तलंगा घ्यायच्यात. पनवेलचा कोंबडीवाला शनिवारी येतो. म्हणाला, गावठीत हवी तशी आणून देतो, फक्त कशी ते सांगा. मला नीट आठवेना. तांबडीची मान उघडी होती, की तुरा वाकडा होता? पाय पिवळे होते ना? शनिवारच्या आत कळव. शिव्या द्यायच्या असतील तर फोनच कर, पण जेवणाच्या वेळी नको. ही समोर असते.

तुझा,
पक्या