तेल लावायच्या निमित्तानं

पुणे, श्रावणी सोमवार

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत बसून होते. तीन दिवस हिरड्यांतून रक्त येत होतं, उशीवर डाग पडत होते, आणि तू ते रूममेटला सांगितलंस, मला नाही. "तू घाबरतेस गं आई," एवढंच म्हणालीस. खरं आहे ते. फोनवर आवाज पुन्हा कापरा झाला असता, म्हणून लिहिते आहे.

तू 8 वर्षांची होतीस. असाच पाऊस होता. ताप येऊन गेला होता, आणि शाळेचे मोजे काढताना घोट्याभोवती लाल ठिपके दिसले. आजी म्हणाली, डास चावले असतील. खालच्या डॉक्टरांनी काचेचा पेला मागवून ठिपक्यांवर दाबला. साधी पुरळ दाबल्यावर फिकी होते. हे ठिपके तसेच राहिले. रात्री रिपोर्ट आला. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, 6 हजार. दीड लाखाच्या वर हव्यात, तिथे 6 हजार! रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्या स्मिअरमध्ये बाकीच्या पेशी ठीक आहेत आणि हा कॅन्सर नाही, आयटीपी म्हणजे फक्त प्लेटलेट्स कमी होण्याचा आजार आहे, हे कळेपर्यंतची रात्र मी कशी काढली ते तुला कधी सांगितलं नाही.

स्टेरॉइडनं तुझे गाल फुगले, आकडा चढला, पुन्हा उतरला. बहुतेक मुलं सहा महिन्यांत बरी होतात असं सांगत होते, म्हणून मी दिवस मोजत होते. वर्ष उलटलं आणि फाइलवर 'क्रॉनिक' असं लिहिलं गेलं. तेव्हापासून रोज रात्री तुझ्या पाठीला, पायांना तेल लावायला लागले. तेल हे निमित्त होतं, मी डाग शोधत होते. तुला ते कळत होतं हे मला फार उशिरा कळलं, तू ऐन मे महिन्यात पायघोळ लेगिंग्ज घालून बसायला लागलीस तेव्हा. माझा चेहरा बघून तू लपवायला शिकलीस, सई. तुझ्या आजारपणात मला सगळ्यात जास्त सलतं ते हे.

आणखी एक. कितीतरी वर्षं मला वाटायचं, माझंच काही चुकलं. गरोदरपणात काही खाल्लं असेन, तुझ्या तापाकडे दुर्लक्ष केलं असेन. मग डॉक्टरांनी 1950 सालची एक हकीकत सांगितली. अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरनं आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या अंगात चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स कोसळल्या, त्याला फिटसुद्धा आली, आणि काही दिवसांत तो पूर्ववत झाला. प्लेटलेट्स बनवणाऱ्या हाडांतल्या मज्जेत बिघाड नव्हता. रक्तातलंच काहीतरी त्यांना मारत होतं. आपल्या अँटीबॉडीज आपल्याच प्लेटलेट्सना परकं समजतात आणि मग प्लीहा त्यांना गिळते. हे ऐकलं त्या दिवशी मी रिक्षात रडले. त्यात माझी चूक नव्हती, आणि तुझी तर नव्हतीच.

आता कामाचं. आकडा 25 हजार आला म्हणून जीव टांगणीला लावू नकोस. त्या आकड्यावर तू परीक्षा दिली आहेस. अंग काय सांगतं ते बघ. तोंडात रक्ताचे फोड आले, नाकातलं रक्त पंधरा मिनिटं चिमटीत धरूनही थांबलं नाही, शौचाला काळी झाली, पाळीत तासातासाला पॅड बदलावा लागला, तर तडक कॅज्युअल्टी. डोकं कधी नव्हे इतकं दुखून उलटी झाली, तर रात्रीचे दोन असले तरी. पाळीचं मुद्दाम लिहिते, कारण ते तू कुणालाच सांगणार नाहीस आणि हिमोग्लोबिन गुपचूप खाली जाईल. तापाला पॅरासिटामॉल, दुसरं काही नाही; आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन कुणी कितीही प्रेमानं दिलं तरी नको. सुई टोचण्याआधी आजार सांगायचा. चौथीत एका दवाखान्यात न विचारता कमरेत इंजेक्शन दिलं होतं, ती काळीनिळी गाठ आठवते ना? आणि प्लेटलेट्स वाढवणारी एल्ट्रोम्बोपॅगची गोळी मेसच्या चहाबरोबर घेत नाहीस ना? दूध-दह्याच्या आधी 2 तास, नाहीतर नंतर 4 तास, तरच ती अंगी लागते.

मावशी पपईच्या पानांचा रस पाठवणार म्हणते आहे. डेंग्यूच्या दिवसांत सगळेच तो सुचवतात. मी तिला नको म्हणून सांगितलंय. तुझा आजार वेगळा आहे.

मी घाबरणार नाही असं वचन देत नाही, ते खोटं ठरेल. पण आधी दवाखाना गाठ, मग मला फोन कर, आणि मी रडले तरी बोलणं थांबवू नकोस.

शनिवारी स्वारगेटहून सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला येते आहे. मऊ ब्रश आणते. तेलाची बाटली आणत नाही. या वेळी सरळ विचारीन, पाय दाखव म्हणून.

तुझी,
आई