गाजर गवताच्या सीझनमध्ये धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

पाऊस ओसरला की पुण्यात मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुललेलं असतं आणि माझ्या आईचे हाल सुरू होतात, शिंका थांबत नाहीत, डोळे सुजतात, यंदा तर रात्री छातीत घरघर व्हायला लागली आणि आम्ही पार घाबरलो. तेव्हा भाडं न ठरवता थेट कॅज्युअल्टीच्या दारात सोडणारे रिक्षावाले दादा, तुमचे आधी आभार. नेब्युलायझर लावून आईचा हात धरून बसलेल्या सिस्टर, तुमचं नाव विचारायचंच राहिलं.

आणि ओपीडीतल्या डॉक्टर मॅडम! एवढ्या गर्दीत तुम्ही नाकाचा स्प्रे कसा मारायचा ते करून दाखवलंत, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, जोरात ओढायचं नाही, आणि पूर्ण परिणाम यायला काही दिवस लागतात म्हणून मध्येच सोडायचा नाही, हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं हो. ॲलर्जीच्या स्किन टेस्टच्या आधी सेट्रिझिन, म्हणजे शिंकांवरची ॲलर्जीची गोळी, काही दिवस बंद ठेवावी लागते हेही तुमच्याकडूनच कळलं.

शेजारच्या प्लॉटवरचं गवत हातमोजे, मास्क घालून मुळासकट उपटणाऱ्या मुलांनो, खूप खूप थँक्यू, पुढच्या वर्षी फुलं यायच्या आधीच काढूया, मी पण येते, चहा-पोहे माझ्याकडून.