माफिया आहे का रे तिकडे? प्रॉव्हिडन्सहून पम्याला पत्र

प्रिय पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मागे काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या पण ऐकल्या. "माफियाच्या गावात घर घेतलंस म्हणे" असं तू हसत हसतच विचारलंस, पण मी ओळखतो ना तुला, तू खरंच विचारत होतास. "नाही रे, तसलं काही नाही" असं टाकून मोकळं होता आलं असतं पण ते खरं नाहीये, आणि "हो आहे" हे पण खरं नाहीये, म्हणून निवांत बसून लिहितोय. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आधी गाव समजून घे. प्रॉव्हिडन्सची वस्ती एक लाख नव्वद हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगली-मिरजेच्या निम्मीसुद्धा नाही. अख्खं रोड आयलंड राज्य मिळून अकरा लाख, आकाराने अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राज्य. त्यामुळे इथे प्रत्येकाचा कोणीतरी ओळखीचा असतोच, प्लंबर हवाय तरी "माझा एक माणूस आहे", सिटी हॉलमधला कागद अडलाय तरी "माझा एक माणूस आहे". पत्ता सांगताना पण लोक जे आता तिथे नाहीच त्याच्यावरून सांगतात, पूर्वी अमुक सुपरमार्केट होतं तिथून डावीकडे वळ, आणि ते सुपरमार्केट बंद होऊन तीसेक वर्षं झालेली. अशा गावात गोष्टी मरत नाहीत रे, फिरत राहतात.

आता मुद्द्याचं. माफिया होता, आणि लहानसहान नव्हता. रेमंड पॅट्रिआर्का नावाचा माणूस, साधारण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८४ मध्ये मरेपर्यंत अख्ख्या न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सहा राज्यांचा बॉस, बॉस्टनसकट. बॉस्टन केवढं आणि प्रॉव्हिडन्स केवढं, पण बॉस्टनवाले हुकूम घ्यायला इकडे यायचे. ऑफिस कुठे तर फेडरल हिलवर, म्हणजे इथल्या इटालियन वस्तीत, ॲटवेल्स ॲव्हेन्यूला, सिगारेटच्या आणि नाणी टाकून चालणाऱ्या मशिन्सच्या धंद्याचं एक साधं दुकान. नाव कॉइन-ओ-मॅटिक. बाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून बसायचा म्हणे. माझ्या शेजारी एक इटालियन आजोबा राहतात, जन्म फेडरल हिलवरचा, ते सांगतात की लहानपणी त्या दुकानावरून जाताना आई आवाज खाली करायला लावायची. म्हटलं त्याने तुम्हाला कधी काही केलं का, तर म्हणे छे, नमस्कार करायचा, हसायचा.

आणि हीच गोष्ट माझ्या डोक्यात बसलीये. त्या माणसाचा अर्धा धंदा लोकांच्या बोलण्यावर चालायचा. "तो कोण आहे माहितीये ना" एवढं कोणीतरी कानात सांगितलं की काम झालं, मग रोज उठून कोणाला मारायची गरज नाही. अधूनमधून एखादं प्रकरण व्हायचं म्हणजे बोलणाऱ्यांना खुराक मिळायचा. १९६६ मध्ये विली मार्फियो म्हणून एकाने फेडरल हिलवर स्वतःचा जुगाराचा अड्डा चालवला, पॅट्रिआर्काला न जुमानता, तर त्याला हॉटेलातल्या फोन बूथमध्ये गोळ्या घातल्या. त्या कटासाठी १९६८ मध्ये पॅट्रिआर्काला पाच वर्षांची शिक्षा झाली, जेलमध्ये जाऊन आला, तरी बॉस तोच.

त्याच्या जुन्या भानगडी तर वाचण्यासारख्या आहेत. १९३८ मध्ये दरोड्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या जेलमध्ये गेला आणि काही महिन्यांतच गव्हर्नरची माफी घेऊन बाहेर. माफीच्या अर्जाला पाद्र्यांच्या शिफारसी जोडलेल्या, त्यात एक फादर फॅगन, आणि नंतर चौकशीत निघालं की या नावाचा पाद्री जन्मालाच आलेला नाही! गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातल्या ज्या डॅनियल कोकलीने ही खटपट केली त्याला १९४१ मध्ये महाभियोग चालवून घालवला. पुढे १९५९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे विचारलं की बाबा धंद्याला पैसा कुठून आणलास, तर उत्तर काय, आईने तळघरात पेटीत ठेवला होता. समोर रॉबर्ट केनेडी प्रश्न विचारतोय आणि हा आईची पेटी सांगतोय. हसू येतं, पण हसून झाल्यावर पुढचं ऐक.

१९६२ मध्ये एफबीआयने त्या मशिनवाल्या ऑफिसात चोरून माइक बसवला, कोर्टाची परवानगी वगैरे काही नाही, १९६५ पर्यंत सगळं ऐकत बसले. म्हणजे गावात लोक दबक्या आवाजात तर्क लढवतायत आणि सरकारकडे साक्षात बोलणं जमा होतंय. मार्च १९६५ मध्ये बॉस्टनकडचा जोसेफ बार्बोझा आणि त्याचा साथीदार पॅट्रिआर्काकडे एडवर्ड डीगन नावाच्या माणसाला मारायची परवानगी मागतात, ते पण एफबीआयच्या कानावर आलं. थोड्याच दिवसांत डीगनचा खून झाला. पुढे हाच बार्बोझा सरकारी साक्षीदार झाला आणि कोर्टात खोटी नावं घेतली, आणि १९६८ मध्ये ज्यांचा त्या खुनाशी संबंध नव्हता अशा चार माणसांना दोषी ठरवलं. दोघं जेलमध्येच मेले. एक १९९७ मध्ये सुटला, एक २००१ मध्ये. तीस-तीस वर्षं रे पम्या! एफबीआयला ठाऊक होतं, फाइलीत होतं, आणि गप्प बसले कारण साक्षीदार कामाचा होता. २००७ मध्ये फेडरल जज नॅन्सी गर्टनर यांनी सरकारला दहा कोटींहून जास्त डॉलर भरपाई द्यायला लावली. त्या चौघांतला एक स्वतः पॅट्रिआर्काचा उजवा हात होता, तो काही साधुसंत नव्हता, पण हा खून त्याने केला नव्हता. "असेल रे, त्यांच्यातलाच आहे ना" एवढ्यावर लोक समाधानी होते, आणि ज्युरी पण लोकांतूनच येते.

आता मजेशीर भाग. १९७५ चा ऑगस्ट, क्रॅन्स्टन स्ट्रीटवर फरचे कोट ठेवायचं एक गोदाम, हडसन फर स्टोरेज, आणि त्याच्या आत बाँडेड व्हॉल्ट नावाची लॉकरची खोली. लॉकर कोणाचे, तर ज्यांना बँकेत जाता येत नाही त्यांचे. दिवसाढवळ्या टोळी आत शिरली, शंभराच्या वर मोठे लॉकर फोडले, डफल बॅगा भरभरून नोटा, दागिने, नाणी नेली, आणि नेता येईना म्हणून चांदी जमिनीवर टाकून गेले. किती गेलं? कोणी म्हणतं तीस लाख डॉलर, कोणी म्हणतं तीन कोटींच्या वर. कळणार कसं, तक्रार करायची म्हणजे आधी सांगायला हवं की तेवढं माझ्याकडे होतं! तिघांना शिक्षा झाली, तिघं सुटले. आणि गावातली गोष्ट अशी की हे खुद्द पॅट्रिआर्कानेच करवलं, आपण जेलमध्ये असताना आपल्या माणसांनी घरच्यांकडे नीट बघितलं नाही म्हणून. आजोबा हे शपथेवर सांगतात. ते तेव्हा तिथे नव्हते, मी विचारलं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. या गावातल्या सामान्य माणसाचा पैसा कोणी नेला, हा प्रश्न विचारला की उत्तर ॲटवेल्स ॲव्हेन्यूवरच्या खुर्चीशी येत नाही. म्हणजे येतं, पण तिसऱ्याच दारात. हेरिटेज लोन अँड इन्व्हेस्टमेंट नावाची छोटी बँक होती फेडरल हिलवर, तिचा अध्यक्ष जोसेफ मॉलिकोन १९९० च्या नोव्हेंबरमध्ये गायब झाला, जवळजवळ १.३ कोटी डॉलरची अफरातफर. आणि अशा संस्थांच्या ठेवींचा विमा एका खाजगी कंपनीकडे, जी चालवणारे पुन्हा त्याच संस्थांचे लोक! आपल्या पतसंस्थांसारखंच, संचालक तेच, कर्जदार तेच, जामीनदार पण तेच. विमा कंपनी बुडाली, आणि १ जानेवारी १९९१ ला नवीन गव्हर्नर ब्रूस संडलन यांनी शपथ घेतली आणि काही तासांत ४५ बँका नि क्रेडिट युनियन बंद केल्या. तीन लाखांच्या आसपास खाती अडकली, दहा लाखांच्या राज्यात. तुला पीएमसी बँकेच्या वेळी तुझ्या मावशीचं काय झालं आठवतंय ना, बाहेर रांगा, आत्ता हजारच मिळतील, मग दहा हजार, तेच समज. फक्त इथे कडाक्याची थंडी. काहींना आधी कुणकुण लागली होती आणि त्यांनी पैसे काढून घेतले होते, हे पण आपल्यासारखंच.

आणि त्या मॉलिकोनबद्दल गावाला खात्री, की माफियाने त्याला कुठेतरी काँक्रीटमध्ये घातलाय. आजोबा अजून तो पूल दाखवतात ज्याच्या खांबात तो आहे असं सगळे म्हणायचे. तो कुठे होता? यूटाला, सॉल्ट लेक सिटीत, खोट्या नावाने राहत होता. १९९२ च्या एप्रिलमध्ये आपणहून परत आला, खटला झाला, तीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यातली दहाएक वर्षं काढून सुटला. मला तर वाटतं काँक्रीटची गोष्ट त्याला सोयीचीच पडली असेल, मेलेल्याला कोण शोधतंय.

तसंच महापौर बडी सियान्सीचं. हा आधी माफियाविरुद्ध खटले चालवणारा सरकारी वकील, भ्रष्टाचार निपटून काढतो म्हणत १९७४ मध्ये निवडून आला. मग १९८४ मध्ये एका माणसाला घरी बोलावून मारहाण केल्याच्या प्रकरणात पद गेलं, १९९० मध्ये लोकांनी परत निवडून दिला! त्याच्या काळात शहर खरंच सुधारलं, नद्या मोकळ्या केल्या, आता उन्हाळ्यात त्याच नद्यांमध्ये रात्री लाकडं पेटवून वॉटरफायर करतात, तू आलास की नेतो. आणि त्याच सिटी हॉलमध्ये घरपट्टी कमी करून घ्यायची तर पाकीट. एका उद्योजकाने एफबीआयसाठी छुपा कॅमेरा लावून ते सगळं टिपलं, ऑपरेशन प्लंडर डोम. २००२ मध्ये सियान्सी बाकी आरोपांतून सुटला पण खंडणी-लाचखोरीच्या कटाच्या एका कलमात अडकला, पाच वर्षं चार महिने. सुटून आला, रेडिओवर बोलायला लागला, २०१४ मध्ये परत उभा राहिला आणि हरला तरी चाळीस टक्क्यांवर मतं घेतली. त्याच्या फोटोचा मरिनारा सॉस दुकानात मिळायचा. लोक अजून प्रेमाने "बडी" म्हणतात. मला पटत नाही, पण मी बाहेरचा, त्या नद्या आधी कशा होत्या मी कुठे पाहिल्यात.

आता "आज काय" असं विचारशील. जुन्या टोळीतलं फारसं उरलं नाहीये. १९८९ मध्ये बॉस्टनजवळ मेडफर्डला पॅट्रिआर्काच्या मुलाच्या उपस्थितीत नवीन लोकांना बोट टोचून रक्ताची शपथ देत होते आणि एफबीआय सगळं टेप करत होती, जगात पहिल्यांदा असा सोहळा रेकॉर्ड झाला. तिथून उतरतीच लागली. २०११ मध्ये मोठी धरपकड झाली त्यात इथला ऐंशीच्या पुढचा म्हातारा माजी बॉस सापडला, स्ट्रिप क्लबांकडून हप्ते घ्यायचा. मात्र २०१६ च्या मार्चमध्ये इथल्याच ब्रँच ॲव्हेन्यूवर एका जुन्या गिरणीच्या मागे पोलिसांनी जमीन खणली आणि १९९३ पासून बेपत्ता असलेल्या बॉस्टनच्या नाईटक्लबवाल्याचे अवशेष निघाले. गिरणीच्या मालकावर गांजाची केस झाली होती, त्यातून तो बोलला. २०१८ मध्ये न्यू इंग्लंडचा माजी बॉस फ्रँक सालेमी त्या खुनात दोषी ठरला. म्हणजे सगळंच हवेतलं असतं असं पण मी म्हणू शकत नाही. पुलात कोणी नव्हता, गिरणीमागे होता.

पुलावरून आठवलं. डिसेंबर २०२३ मध्ये इथला वॉशिंग्टन ब्रिज, आय-१९५ हायवेचा पश्चिमेकडे जाणारा भाग, अचानक बंद केला. पूल धरून ठेवणारे लोखंडी दांडे तुटलेले सापडले, मग कळलं की दुरुस्त होण्यातलं नाहीये, पाडा. नव्या पुलाचा खर्च चाळीस कोटी डॉलरच्या वर, आणि राज्याने १३ कंपन्यांवर दावा लावलाय. मी रोज तिथून जायचो त्यामुळे माझ्या शिव्या तू कल्पनेनेच ऐक. तर कॉफीच्या रांगेत काय चर्चा? एक जण म्हणाला सिमेंटवाल्यांचं काम असणार, तुला कळतंय ना मी कोणाबद्दल बोलतोय. आणि आजोबा म्हणाले रेमंडच्या काळात असा पूल बांधायची कोणाची हिंमत नसती. एकाच्या मते त्यांनी केलं, दुसऱ्याच्या मते ते नाहीत म्हणून झालं! वर्षानुवर्षं तपासणीचे रिपोर्ट कोणी लिहिले, कोणी सही केली, कोणी वाचले, हे विचारायला गेलं की लोक घड्याळ बघतात. ते कंटाळवाणं आहे ना.

घाबरण्यासारखं म्हणशील तर आमच्या गल्लीत गाडीचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे खालचा धूर साफ करणारा भाग, चोरीला जातं, ते माफिया नेत नाही, करवत घेऊन आलेलं पोरगं नेतं. फेडरल हिलवर आता संध्याकाळी गर्दी असते, रस्त्यावर ती मोठी कमान आहे, मधोमध पाइनचं फळ लटकवलेलं, सगळे टुरिस्ट त्याला अननस म्हणतात आणि दुकानदार वैतागतात. कारंज्यापाशी टेबलं टाकलेली असतात. बायकोला तिथलं रिकोटा भरलेलं कुरकुरीत पेस्ट्रीचं प्रकरण इतकं आवडतं की दर आठवड्याला चक्कर असते. माफियाच्या गोष्टी ऐकायला पण पाहुणे येतात, त्यांना सगळं रंगवून सांगतात. त्या चार जणांचं मात्र कोणी सांगत नाही, मी एकदा आपणहून विषय काढला तर शेजारच्या टेबलावरचे गप्प झाले आणि मग कॅलमारी आली.

बरं, तुझ्या व्हिसाचं काय झालं ते आधी कळव. येणार असशील तर मे नंतर ये, त्याआधी इथली हवा सहन होणार नाही तुला. जॅकेट तिकडून घेऊ नकोस, उगाच बॅगेत जागा जाते, इथे माझं जुनं आहे. त्या जागेत गोडा मसाला टाक, दोन किलो तरी, आणि कस्टमवाल्यांनी विचारलं तर नीट सांग काय आहे ते.

तुझा,
सच्या