साताऱ्याची बदली नाही घेतली, रागावू नका

आई, बाबा,

फोनवर सांगितलं की आई रडते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहितेय. साताऱ्याची बदली मी नाकारली. लेखी कळवून झालंय, आता मामाला माझी समजूत काढायला लावू नका.

तुमच्यापासून लांब राहायचंय असं मनातही आणू नका. इथे कोपरखैरण्यात माझ्या वर्गातली कितीतरी पोरं आपल्याच पाटण-जावळीची, बाप मार्केटला माथाडी, भाजी मार्केटवाले तर पहाटेच घराबाहेर, एका खोलीत सगळं घर, मग दहावीचा अभ्यास करायचा कुठे? म्हणून शाळेत संध्याकाळची अभ्यासिका सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर ती वस्तीनेच उभी केली. मंडळाने ट्यूबलाइट-पंखे दिले, बचत गटाच्या बायका आळीपाळीने पोहे-उपमा आणतात, गावठाणातले एक रिटायर्ड काका गणित घेतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेच्या समितीत पाऊण पालक आणि निम्म्या बायका हव्यात असं आहे, पण तो कायदा आठवीपर्यंतचा, आणि आमची पोरं गळतात नववीत! आता पालकसभा संध्याकाळी ठेवतो तर वडील मंडळीपण येतात, शाळा सोडलेल्या एका मुलीला तिच्या शेजारणींनीच परत आणून बसवलं. बाबा, हे अजून कोवळं आहे हो, मी बोर्डाच्या परीक्षेआधी निघाले तर विस्कटेल.

आणि हे तुम्हाला मी काय सांगू? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी, रयतमाउली लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं हे तुम्हीच सांगायचात, मला सायकलच्या दांडीवर बसवून, आणि मी दरवेळी विचारायचे, मग त्यांना कोणी रागावलं नाही का?

बरं, गिझरवाला येऊन जाईल, थंड पाण्याने आंघोळ बंद. पोळ्यांच्या मावशींना काढायचं नाही आई, पोळ्या जाड झाल्या तरी. बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही आणि माळ्यावर तर अजिबात चढायचं नाही. आई, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत, मी येणारच, डोळ्यात थेंब मीच घालणार, तू नुसती पडून राहा गं. तोवर शुगर तपासून रिपोर्टचा फोटो पाठवा. दादाच्या गाडीसाठी थांबू नका, रिक्षा करा, पैसे टाकलेत.

तुमची,
छकुली