आत्येला पत्र, लिस्बनहून

लिस्बन
४ मे २०२५

प्रिय आत्या,
सा. न.

आई सध्या तुझ्याकडे सावंतवाडीला आहे हे दादाने सांगितलं, म्हणून हे पत्र तुझ्या नावाने पाठवतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाहिलेस ना, तंबूचे, त्यावर तू फक्त "बरे आसात मां सगळी?" एवढंच विचारलंस आणि मला कळलं की तुला फोनवर जास्त बोलायचं नाहीये. मी इथे पोर्तुगालला आले तेव्हा तू म्हणाली होतीस, "पाखल्यांच्या देशात कित्याक जातंस गो? दुसरो देश गावलो नाय?" त्याला आता सहा वर्षं झाली आणि मी त्याचं उत्तर कधीच नीट दिलं नाही, विषय निघाला की मी पगाराचं आणि नोकरीचं सांगायचे आणि तू गप्प बसायचीस. आज प्रवासाचं सगळं सविस्तर लिहिते, आईला वाचून दाखवायला सांग, तुझ्या डोळ्यांना त्रास नको.

२५ एप्रिलला इथे सुट्टी असते, यंदा शुक्रवार आला त्यामुळे शनिवार रविवार धरून तीन दिवस मिळाले. आम्ही अकरा जण निघालो, तीन गाड्या. सगळी आपलीच माणसं, फोंड्याचं जोडपं आणि त्यांची दोन मुलं, डिचोलीची वहिनी आणि तिचे मिस्टर, म्हापशाचे दोघे भाऊ, साखळीची एक मुलगी जी इथे शिकायला आलीय, एक कुडाळचा मुलगा आणि मी. गाडीत पूर्ण वेळ मराठी, मधेच कोंकणी, मुलं मागे बसून पोर्तुगीजमधे भांडत होती. तू पाठवलेली भाजणी, आमसुलं आणि तिरफळं मी जपून ठेवली होती ती सगळी सोबत घेतली.

लिस्बनमधून दक्षिणेकडे जायला नदीवरचा मोठा लाल पूल लागतो, दोन किलोमीटरपेक्षा लांब आहे, खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. १९६६ साली झाला तेव्हा त्याला इथला हुकूमशहा सालाझार याचं नाव दिलं होतं. १९७४ च्या २५ एप्रिलला इथल्याच सैनिकांनी ती हुकूमशाही पाडली, लोकांनी त्यांच्या बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली, आणि मग पुलावरचं सालाझारचं नाव काढून '२५ एप्रिल' हेच नाव ठेवलं. आम्ही त्याच दिवशी त्या पुलावरून चाललो होतो आणि फोंड्याच्या वहिनीने मुलांना हे सांगितलं तर धाकट्याने विचारलं, सालाझार म्हणजे तोच का जो गोवा सोडत नव्हता? हो म्हटलं, तोच. आत्या, अठ्ठेचाळीस वर्षं यांच्या स्वतःच्या लोकांवरपण तेच राज्य होतं गं, हे मला इथे येईपर्यंत नीट कळलं नव्हतं, आपल्याला शाळेत पोर्तुगिजांची साडेचारशे वर्षं आणि १९६१ चा १९ डिसेंबर एवढंच शिकवलं. आणि ते राज्य गेलं म्हणूनच त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने सही करून गोवा भारताचा आहे हे मान्य केलं, म्हणजे आपण मुक्त झाल्यावर तेरा वर्षांनी.

अजून एक गोष्ट, तुला कधी सांगितली नाही. मी ऑफिसला ज्या ट्रेनने जाते तिच्यावर काशियश नावाचं स्टेशन लागतं. वरच्या अंगाला टेकडीवर जुना किल्ला आहे, त्याचा तुरुंग केलेला. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे तिथेच होते. सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायला आले, १९५५ ला पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा, आणि गोवा सुटून सात वर्षं झाली तरी ते मात्र इथे कोठडीतच, १९६९ च्या जानेवारीत सुटले. आजोबा त्यांचं नाव घेताना उठून बसायचे ते मला आठवतं. त्या स्टेशनावर ट्रेन थांबली की मी मोबाईल खाली ठेवते, रोज. एवढंच करते, पण करते.

तर पूल ओलांडला की तासाभरात शहर संपतं आणि आलेंतेजू प्रांत सुरू होतो. आपल्या डोळ्याला सवय नाही अशा जमिनीची, डोंगर नाही, माड नाही, नुसती लांबच लांब माळरानं आणि मधे मधे एकेकटी झाडं. एप्रिलमधे सगळं हिरवं असतं आणि पिवळ्या जांभळ्या फुलांनी भरलेलं. विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी, एवढी मोठी की त्यात आपल्याकडची कोंबड्यांची पाटी सहज मावेल, आणि जोडीने चोच वाजवत उभे असतात. झाडं बहुतेक बुचाची, म्हणजे बाटलीचं बूच ज्याच्या सालीपासून करतात ते. वाटेत थांबलो तेव्हा मी जवळ जाऊन हात लावून पाहिलं, साल सोललेल्या भागाचा रंग आपल्या चिऱ्यासारखा तांबडा आणि त्यावर पांढऱ्या रंगाने ७ आकडा काढलेला. कुडाळच्या मुलाला माहीत होतं, ७ म्हणजे २०१७ साली साल काढली, आता नऊ वर्षांनी म्हणजे पुढच्या वर्षी परत काढणार, त्याआधी हात लावायचा नाही. बहुतेक कुऱ्हाडीनेच काढतात, आणि कुऱ्हाड आत लागली तर झाड जखमी होतं म्हणून त्याचे खास माहीतगार लोक असतात. नवीन झाड लावलं तर पहिली साल काढायलाच पंचवीस वर्षं थांबावं लागतं, म्हणजे लावणारा नातवंडांसाठीच लावतो. मला आपल्या पेडण्याच्या घरामागचा फणस आठवला, पणजोबांनी लावलेला.

मोन्साराश नावाचं डोंगरावरचं तटबंदीचं गाव आहे, त्याच्या खाली मोठ्या तळ्याच्या काठावर कॅम्पिंगची जागा होती. इथे कुठेही तंबू ठोकता येत नाही, ठरलेल्या जागेतच पैसे भरून राहायचं, नळ आणि न्हाणीघर असतं. तंबू लावायला दोन तास गेले कारण जमीन दगडासारखी, खिळे वाकत होते, शेवटी म्हापशाच्या थोरल्याने दगड ठेवून दोऱ्या बांधल्या. रात्री एवढी थंडी पडली की मुलांना गाडीत झोपवलं. पण आत्या, त्या रात्रीचं आकाश! तो भाग मुद्दाम काळोखा ठेवतात, तारे बघायला लांबून लोक येतात, आकाशगंगा अशी स्पष्ट दिसत होती की जणू कोणी तांदळाचं पीठ सांडलंय. आणि काठावर बेडूक ओरडत होते, डोळे मिटले तर मिरगाच्या पावसानंतरचं पेडणं. कोणीच बोलत नव्हतं बराच वेळ. मग साखळीच्या मुलीने हळू आवाजात आरती म्हणायला घेतली आणि सगळ्यांनी धरली.

सकाळी गॅसवर थालीपीठं केली. शेजारच्या तंबूतली एक बाई वासाने आली, तिला दिलं, तर तिने तिच्याकडचं शिळ्या पावाचं जेवण करून दाखवलं. खलबत्त्यात लसूण, मीठ आणि मूठभर कोथिंबीर कुटायची, ऑलिव्हचं तेल, वर उकळतं पाणी, त्यात अंडं सोडायचं आणि पाव मोडून घालायचा. कोथिंबीर गं! लिस्बनमधे मला कोथिंबिरीचं एवढं कौतुक कोणाकडे दिसलं नव्हतं आणि इथे हे लोक आपल्यासारखे जुड्याच्या जुड्या वापरतात. गरिबांचं जेवण ते, शेतमजूर हेच खायचे म्हणाली, जमिनी सगळ्या मोठ्या जमीनदारांच्या आणि माणसं रोजंदारीवर. मी त्यात एक आमसूल टाकून पाहिलं, फार छान लागलं.

आता खरं जे सांगायचंय ते. शनिवारी आम्ही लूश नावाच्या गावी गेलो. हे गाव म्हणजे आपलं कुर्डी समज. साळावली धरणात कुर्डी गेलं तसं २००२ मधे इथल्या धरणाचे दरवाजे बंद केले आणि जुनं लूश पाण्याखाली गेलं. फरक एवढाच की कुर्डी मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं आणि लोक आपल्या देवाला जाऊन येतात, इथे मात्र गाव आधी पाडलं आणि मगच बुडवलं, वर यायला काही उरलंच नाही. दोन किलोमीटरवर नवीन गाव बांधून दिलंय, घरं सगळी सारखी, चर्चपण तसंच बांधलं, आणि कबरस्तानातली माणसंसुद्धा उचलून नवीन जागी नेली.

तिथे कॉफी प्यायला थांबलो तर कोपऱ्यात एक म्हातारे बसले होते, टोपी, काठी, खिशाला आदल्या दिवशीचं कार्नेशन, सुकलेलं. आमचं बोलणं ऐकून विचारलं, कुठले? मी सांगितलं, गोवा. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोंडा."

फोंड्याच्या वहिनीने कप खालीच ठेवला.

एकवीस वर्षांचे होते म्हणाले, शेतमजुराचा मुलगा, सैन्यात सक्तीने घेतलं आणि बोटीत घातलं, त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. १९६१ च्या डिसेंबरात भारताचं सैन्य आलं तेव्हा सालाझारचा हुकूम होता की शरण यायचं नाही, जिंका नाहीतर मरा. त्यांच्या गव्हर्नरने तो ऐकला नाही, शरण गेला, म्हणून ही पोरं वाचली. तीन हजारांवर सैनिक कैदेत होते, त्यातले हे फोंड्याच्या छावणीत, मे महिन्यापर्यंत. काय आठवतं विचारलं तर म्हणाले लाल धूळ, कावळे, पितळेच्या पेल्यातला दुधाचा चहा, आणि एक वास, कसलातरी आंबूस गोड, फळाचं नाव आठवेना त्यांना, पिवळं लाल आणि खाली बी लोंबणारं. काजूचं बोंडू! मी म्हटलं तसे ते मान हलवायला लागले. कुंपणापलीकडून एक पोरगा टाकायचा म्हणे, शर्टावर पडलेला डाग शेवटपर्यंत गेला नाही.

परत लिस्बनला आणलं तर बंदूकधारी पोलिसांच्या पहाऱ्यात, देशद्रोही असल्यासारखं. त्या गव्हर्नरला तर सैन्यातून काढून टाकलं, १९७४ नंतर परत घेतलं. या आजोबांनी गावात कोणाला सांगितलंच नाही बरीच वर्षं की आपण गोव्यात होतो. "तिथे कैदी, इथेपण कैदी" असं म्हणाले, आणि मग घर बुडालं ते वेगळंच.

आत्या, मी त्यांना आपल्या आजोबांचं सांगितलं. सत्याग्रहींना गोठ्यात लपवलं म्हणून पोलिसांनी पायाच्या तळव्यांवर मारलं ते, आणि तुम्हा सगळ्यांना रात्रीचं घेऊन बांद्याला पळून जावं लागलं ते, तू आठ वर्षांची होतीस आणि तुझी एक वहाण नदीत गेली. मी सांगितलं कारण न सांगता तिथून उठणं मला जमलं नसतं. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. मग विचारलं, नाव काय होतं त्यांचं? मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, उच्चार जमला नाही, तिसऱ्यांदा बराच जमला. कॉफीचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

आजोबा त्या माणसासमोर बसले असते का, मला माहीत नाही. तू बसली असतीस का तेही माहीत नाही आणि मी तुला बस म्हणणार नाही, तुझं जे गेलं ते तुझं आहे. पण तू विचारलं होतंस ना की या देशात मी कशी राहते, तर अशा माणसांमधे राहते. तुला हे लपवून मला राहायचं नव्हतं.

रविवारी रात्री घरी पोचलो, सामान तसंच दारात टाकलं आणि बरं झालं टाकलं. सोमवारी सकाळी साडेअकराला पूर्ण देशाची लाईट गेली, स्पेनचीपण, तू टीव्हीवर बघितलंच असशील. लिफ्ट बंद, मेट्रो बंद, फोनला रेंज नाही, दुकानात कार्ड चालेना. आमचा कॅम्पिंगचा गॅस आणि बॅटरीचे दिवे बाहेर काढले, चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना चहा आणि खिचडी नेऊन दिली, रात्री उशिरा लाईट आली तेव्हा सगळी बिल्डिंग ओरडली. काळजी करू नका, आता सगळं ठीक आहे.

एक काम आहे. त्या आजोबांना मी फोंड्याचा फोटो पाठवते असं कबूल करून आलेय. छावणी नेमकी कुठे होती ते फोंड्यात जुन्या माणसांपैकी कोणालातरी ठाऊक असेल, तुझ्या नणंदेचे दीर तिथलेच ना, त्यांना विचार. दादा फोंड्याला गेला की त्या जागेचा एक आणि बोंडवांचा एक असे फोटो काढून पाठव म्हणावं, बोंडवांचा हंगाम संपत आला असेल म्हणून लवकर. आणि फोटो कागदावर मोठा काढून पोस्टाने पाठवायला सांग, त्यांच्याकडे मोबाईल नाही आणि नजरही कमी झालीय.

आईला नमस्कार, बाबांना फोनवर सांग. तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुझी,
बाय